बहुधा

चष्म्याची डबी हातातून निसटून टेबलाखाली गेली नसती तर त्याला ते दिसलंच नसतं. पुढे कित्येक दिवस तो मनातल्या मनात ती डबी पुन्हा टेबलावर ठेवून बघत होता. पण डबी पडली. रविवारची सकाळ होती, पुतणी नेहमीसारखी आली होती, आणि तुमचे गुडघे राहू देत काका म्हणत तीच खाली वाकली. खिडकीतलं ऊन नेमकं तिच्या डोक्यावर पडलं. भांगाच्या डाव्या अंगाला, कानाच्या जरा वर, विरळ केसांतून एक उंचवटा दिसला. वाटाण्याहून मोठा, जांभळट लाल, वरची कातडी ताणून गुळगुळीत झालेली. खपली नाही, जखम नाही. शेजारी तसेच आणखी दोन, लहान. आयुष्यभर त्याने माणसं फारशी पाहिली नव्हती, माणसांतून काढलेले तुकडे पाहिले होते. पण हे ओळखायला त्याला सूक्ष्मदर्शक लागला नाही. ती डबी घेऊन वर आली, फुंकर मारून तिने ती त्याच्या हातात दिली, आणि तो डबीकडेच बघत राहिला.

"तिथे काय झालंय?" त्याने विचारलं.

"कुठे?" तिचा हात मात्र बरोबर तिथेच गेला. "हे होय. फुटकुळी आहे. कंगवा लागतो मधूनमधून. झाले असतील दोनतीन महिने." मग तिची बोटं तिथेच थांबली. ती त्याच्याकडे बघत होती आणि तो खिडकीकडे.

आतून बायकोने चहा घेणार का म्हणून विचारलं. तो सवयीने बहुधा म्हणाला. बायको म्हणाली, बहुधा म्हणजे अर्धा कप, ठाऊक आहे मला. पुतणी हसली, पण हात तिने काढला नव्हता.

बहुधा हे त्याचं टोपणनाव होतं. अंगातून काढलेला तुकडा मेणात बसवायचा, त्याच्या केसाहून पातळ चकत्या करायच्या, रंगवून काचेवर चढवायच्या आणि सूक्ष्मदर्शकातून बघून हा कुठला रोग ते लिहून द्यायचं, हे त्याचं काम. अडतीस वर्षं त्याने ते केलं, आणि अडतीस वर्षांत तो कशालाही नुसतं हो म्हणाला नाही. बहुधा अमुक. अमुक असण्याशी सुसंगत. तमुक नाकारता येत नाही. आणखी खोल तुकडा मिळाल्यास बरं. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर वैतागून म्हणायचे, बहुधासाहेब, आज एकदा तरी हो की नाही ते सांगा, रोगी टेबलावर आहे. तो ओशाळून हसायचा आणि पुन्हा एकदा काच बघायचा. विद्यार्थी त्याची नक्कल करायचे. निवृत्त झाला तेव्हा त्यांनी त्याला एक भला मोठा कप दिला, त्यावर ठळक अक्षरांत 'बहुधा' छापलेलं होतं. बायको त्यात पेनं ठेवते. लोकांना तो त्याचा भित्रेपणा वाटायचा, आणि त्यालाही कधीकधी तसंच वाटायचं. पण रंगवलेल्या पेशींच्या गर्दीत तासन् तास बसलेल्या माणसाला एक गोष्ट कळून चुकते, की आपल्याला दिसतं ते थोडं असतं आणि आपण बोलतो ते फार. त्या सगळ्या अहवालांत एकच अहवाल असा होता, ज्यात बहुधा नव्हतं. तो याच पुतणीचा होता.

त्याला बावीस वर्षं झाली. तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती, पोहण्याच्या तलावावर लहान मुलांना शिकवायची, आणि घरात आली की तिच्याआधी तलावातल्या औषधाचा वास यायचा. केस कायम ओले. त्याची बायको तिला म्हणायची, आधी पुसून ये बाई, माझ्या खुर्च्या कुजतील. लग्न ठरलेलं होतं. केस कापणाऱ्या बाईला तिच्या डोक्यावर गाठ लागली. कातडीच्या डॉक्टरांनी तुकडा काढला तो अगदी वरवरचा, कारण लग्न ठरलेल्या मुलीच्या डोक्यावर व्रण नको असं त्यांना वाटलं. वाटलं ते चांगल्यासाठीच. तुकडा त्याच्याकडे आला. नियम असा की घरच्या माणसाची काच दुसऱ्याने बघावी. पण दादा म्हणाला, तूच बघ. दादा म्हणजे त्याचा थोरला भाऊ, पुतणीचे वडील, ज्याने त्याला पाठीवर बसवून पोहायला शिकवलं आणि ज्याने त्याच्याकडे उभ्या जन्मात दुसरं काही मागितलं नव्हतं. दादा बाहेर बाकावर बसला होता, मांडीवर पिशवी घेऊन, आणि दार उघडलं की दर वेळी तो अर्धा उठायचा. पूर्ण उठायचा नाही, अर्धा. दार दुसऱ्याच कोणासाठी उघडलंय हे कळलं की पुन्हा बसायचा. काचेच्या दारातून ते दिसत होतं.

सूक्ष्मदर्शकाखाली मोठमोठ्या निळ्या पेशी दाटीवाटीने पसरलेल्या होत्या. कॅन्सर, पांढऱ्या पेशींचा, यात शंका नव्हती. पण कुठला? वरच्या कातडीखाली एक अरुंद मोकळी पट्टी होती, कोणी जाणूनबुजून जागा सोडल्यासारखी. पेशींच्या केंद्रांना बारीक खाच होती, चिमटा घेतल्यासारखी. त्याने ती पाहिली होती. पाहिली नव्हती असं त्याला नंतर कधीच म्हणता आलं नाही. आणि खालचा भाग तुकड्यात आलाच नव्हता. पेशींची रचना जिथे उलगडली असती तिथेच तुकडा संपत होता. हात सवयीने लिहायला लागला होता, बहुधा, आणखी खोल तुकडा आवश्यक. म्हणजे पुन्हा कापणं, पुन्हा आठ-दहा दिवस, पुन्हा तो बाक. दार उघडलं. दादा अर्धा उठला. त्याने कागद बदलला आणि सरळ लिहून टाकलं: मोठ्या पेशींचा, वेगाने पसरणारा प्रकार. त्याला वाटलं, परक्यांना बहुधा देतो ते ठीक, घरच्या माणसाला देऊ नये. कॅन्सरच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि त्याला फोन केला. ते म्हणाले, हाडातला मगज स्वच्छ आहे, गळ्यात, काखेत, पोटात कुठे काही नाही, जे आहे ते फक्त कातडीत, विचित्रच आहे. तुमची खात्री आहे ना? आणि तो, ज्याने बायकोला लग्नाला होकारसुद्धा एक आठवडा विचार करून दिला होता, लगेच म्हणाला, आहे.

दर तीन आठवड्यांनी एकदा, असं सहा वेळा औषध चढलं. त्यातलं एक लाल होतं, बाटलीतून थेंब थेंब उतरताना सरबतासारखं दिसायचं. तिसऱ्या आठवड्यात केस गेले. पुतणी म्हणाली, बरं झालं, आता टोपीत कोंबायला नकोत. तो हसला होता. मुलाकडच्यांनी आधी तारीख पुढे ढकलली, मग त्यांचा फोन येईनासा झाला, मग कोणीतरी कोणाकडून तरी कळवलं. गाठ मात्र दुसऱ्या वेळेलाच विरघळली होती. सहावी बाटली संपली त्या दिवशी वहिनी हॉस्पिटलच्या जिन्यात त्याचा हात धरून रडली आणि म्हणाली, भाऊजी, तुम्ही वेळेवर ओळखलंत म्हणून. तेव्हापासून घरात ते वाक्य झालं. काकांनी वेळेवर ओळखलं. दादा गेला तेव्हा, शेवटचं नीट बोलणं झालं त्यातही ते होतं. लाल औषधाने तिच्या हृदयाचं काय केलं ते तीनचार वर्षांनी कळलं. एका सकाळी ती तलावाच्या मधोमध थांबली आणि तिला काठ गाठता येईना. तिच्याच शाळकरी मुलांनी तिला ओढून आणलं. आता ती त्याच तलावाच्या खिडकीत बसते, पास तपासते आणि शिक्के मारते. जिना चढून आली की ती दारात उभी राहून पर्समध्ये किल्ल्या शोधते, चांगली दोन मिनिटं. या घराच्या किल्ल्या तिच्याकडे नाहीत, आणि दार तर उघडंच असतं. बायकोने एकदा विचारलंही होतं, काय गं, खजिन्याच्या आहेत का. त्याने बायकोकडे असं काही पाहिलं, की तिने पुन्हा कधी विचारलं नाही.

आणि फोन. सहाव्या बाटलीची जी तारीख, त्या तारखेला दर वर्षी सकाळी दहा वाजता, खिडकी उघडण्याआधी, ती फोन करायची. "काका, अजून एक," एवढंच म्हणायची. तो म्हणायचा, छान, तब्येतीला जप. दोघांनाही फोनवर बोलता यायचं नाही, त्यामुळे ते पुरायचं.

जग पुढे गेलं. कातडीतच जन्मणारे आणि बहुतेक कातडीतच राहणारे असे हे पांढऱ्या पेशींचे कॅन्सर वेगळे काढले गेले, त्यांना नवी नावं मिळाली. नियतकालिकात त्याने ते वाचलं. एक प्रकार म्हाताऱ्या माणसांच्या पायावर येणारा, तो खरा वाईट, त्याला जबर औषध लागतं. दुसरा डोक्यावर किंवा पाठीवर येणारा, दिसायला कधीकधी तितकाच दांडगा, मोठ्या पेशींचा, पण स्वभावाने गरीब. पुन्हा उगवतो, पण आत शिरत नाही. त्याला फक्त त्या जागेवर किरणांचा शेक पुरतो. खाच असलेली केंद्रं. वरची मोकळी पट्टी. त्याने तो लेख दोनदा वाचला, घडी घालून ठेवला आणि दुसरा वाचायला घेतला. मनात काही हललं नाही असं नाही. पण मन हललं की त्यावर एखादं जाड पुस्तक ठेवायची त्याला सवय होती. नऊ वर्षांपूर्वी, निवृत्तीच्या महिन्यात, कपाटं रिकामी करताना तो जुन्या काचा ठेवतात त्या तळघरात गेला, वहीत सही केली आणि ती काच आणि तिचा मेणाचा ठोकळा काढून आणला. ठोकळ्याची एक नवी चकती करून त्याने तिच्यावर नव्या रंगांच्या चाचण्या करवल्या, दुसऱ्याच कुठल्या तरी नंबराखाली. वाईट प्रकारात जो तपकिरी रंग चढतो तो चढला नाही. चकती पांढरीफटक राहिली. तो त्या पांढऱ्याकडे किती वेळ बघत बसला होता कोण जाणे. झाडणाऱ्या बाईने येऊन विचारलं, साहेब, दिवा घालवू का. निरोपाच्या कपाबरोबर काच आणि ठोकळा त्याच्या पिशवीतून घरी आले आणि टेबलाच्या खालच्या खणात गेले. का आणले, याचं उत्तर त्याने स्वतःला अनेकदा वेगवेगळं दिलं. औषध तर देऊन झालंय. हृदय तर गेलंय. सांगून कोणाचं काय भलं होणार? ही सगळी वाक्यं खरी होती, आणि सगळी त्याच्या सोयीची. त्यानंतर तीन आठवड्यांनी तारीख आली. दहा वाजता फोन वाजला. अजून एक, काका. तो म्हणाला, छान, तब्येतीला जप.

आता या वेळी मात्र त्याने स्वतः बसून तुकडा खोल काढायला लावला, खाली चरबी दिसेपर्यंत. पुतणी टेबलावर पालथी पडली होती. ती म्हणाली, काका, या वेळी तुम्ही बघणार ना? तो म्हणाला, नाही, दुसरं कोणीतरी बघेल, माझे डोळे आता पहिल्यासारखे नाहीत. डोळे ठीक होते. तुकडा विभागाच्या आताच्या प्रमुखबाईंकडे गेला. ती त्याचीच विद्यार्थिनी, नकला करणाऱ्यांत सगळ्यात पुढे असायची. चौथ्या दिवशी तिचा फोन आला. बाकी सगळं अंग याही वेळी स्वच्छ होतं. ती म्हणाली, सर, मला तर हा कातडीतलाच साधा प्रकार दिसतोय, सावकाश वाढणारा. पण फाइलमध्ये जुना अहवाल आहे, त्यात मोठा, वेगाने पसरणारा असं लिहिलंय. कॅन्सरवाले म्हणतात, मग हा तोच उलटलाय आणि मी चुकतेय; लाल औषध तर आता देता येणार नाही, तिचं हृदय चाळीस टक्क्यांवर आहे, म्हणून ते दुसरं काहीतरी जालीम शोधतायत. मी म्हटलं, जुना अहवाल पुन्हा बघू या. तर ते काय म्हणाले सांगू?

"काय?"

"म्हणाले, सही बहुधासाहेबांची आहे आणि कागदावर बहुधा नाही. म्हणजे ते तसंच असणार."

ती पुढे म्हणाली, तळघरात जुनी काच नाही, ठोकळाही नाही, वहीत नऊ वर्षांपूर्वीची तुमची सही आहे, परत आल्याची नोंद नाही. हे तिने इतक्या हळू सांगितलं, की जणू तिलाच काहीतरी चोरताना पकडलं असावं.

"माझ्याकडे आहे," तो म्हणाला. "मीच घेऊन येतो."

खण उघडताना बायको दारात येऊन उभी राहिली. ती म्हणाली, त्यात काय आहे मला माहीत नाही, पण तुम्ही तो खण उघडता त्या दिवशी धड जेवत नाही, एवढं माहीत आहे. मग त्याने सांगितलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा तोंडातून बाहेर आलं आणि पाचसहा वाक्यांत संपलं; त्याला वाटलं होतं फार मोठं असेल. बायको पलंगाच्या कडेवर बसली. बराच वेळ तिने चादरीची एक सुरकुती सरळ केली. शेवटी ती म्हणाली, काच देऊन टाका, पण पोरीला काही बोलू नका. तिच्याजवळ काय उरलंय? नवरा नाही, पाणी गेलं, एक काका आहेत. तेवढे राहू द्या.

त्याला ते पटलं. पटलं म्हणूनच त्याची भीती वाटली.

विभागात दोघांना एकाच वेळी बघता येईल असा सूक्ष्मदर्शक असतो, समोरासमोर बसून. याच जागेवर त्याने या बाईला शिकवलं होतं, आणि आता काच ती सरकवत होती. पेशी तिथेच होत्या, बावीस वर्षं जराही न हललेल्या. तिने बाणाचं टोक एका खाचेवर नेलं, थांबली, दुसऱ्या खाचेवर नेलं, मग वरच्या मोकळ्या पट्टीवरून सावकाश फिरवलं. तुकडा जिथे संपत होता त्या कडेशी तिने बाण ठेवला आणि तिथेच राहू दिला. ठोकळ्याच्या नव्या चाचण्या तीन दिवसांनी आल्या. पांढरं ते पांढरंच होतं. कॅन्सरवाल्यांनी मान्य केलं. जालीम औषध रद्द झालं, शेक ठरला. ती म्हणाली, सर, त्या काळात कोणीही हेच लिहिलं असतं, पुस्तकात हा प्रकार नीट वेगळा केलेलाच नव्हता. त्याने मान हलवली. कोणीही लिहिलं असतं हे खरं होतं. फक्त त्याने लिहिलं नसतं. ती एकटी मुलगी सोडून जगातल्या कोणाही मुलीसाठी त्याने खोल तुकडा मागितला असता, आणि त्या आठ-दहा दिवसांत कदाचित कोणाच्या तरी लक्षात आलं असतं. विद्यार्थिनी म्हणाली, नव्या अहवालात मी एकच ओळ घालते, जुन्या तुकड्याचा नव्या चाचण्यांनुसार फेरविचार केला. रोग्याला त्यातून काही कळत नाही. कॅन्सरवाल्यांना कळतं, आणि त्यांना तेवढं पुरे.

म्हणजे आता काहीच अडलं नव्हतं. उपचार बरोबर होणार होते. त्याने तोंड उघडलं नाही तरी कोणाचं काही बिघडणार नव्हतं. ठोकळा विभागात ठेवून त्याने काच तेवढी तासाभरासाठी मागून घेतली, वहीत सही केली, परत आणण्याची वेळ लिहिली, आणि एका छोट्या डबीत कापूस घालून ती खिशात ठेवली.

तलावाच्या दारातच तो वास आला. आत मुलं ओरडत होती, त्यांचा आवाज पत्र्याच्या छताला लागून दुप्पट होत होता. ती खिडकीच्या आत बसली होती. त्याला बघून तिने बाजूचं दार उघडलं आणि लोखंडी खुर्चीवरचा टॉवेल उचलला. तो इथे कधी आला नव्हता. तिच्या पाठीमागे काचेची भिंत होती आणि भिंतीपलीकडे पाणी. पाण्यातलं ऊन तिच्या टेबलावर, रजिस्टरवर, शिक्क्यावर हलत होतं.

"बारा बैठका," तो म्हणाला. "रोज दहा मिनिटं. डोक्यावर किरणांचा शेक. सलाईन नाही, राहायचं नाही. तेवढ्या जागेचे केस जातील, बरेचसे परत येतील."

"एवढंच?"

तिचा चेहरा इतका मोकळा झाला, की त्याला ती ओल्या केसांची मुलगी दिसली. तिने खरंच श्वास सोडला, लांबलचक. म्हणाली, मी तर मनाने सगळी तयारी करून बसले होते, आईला कोणाकडे ठेवायचं तेसुद्धा ठरवलं होतं. त्याला उठता आलं असतं. खुर्ची दाराजवळ होती. एक बाई मुलाला घेऊन आली, पुतणीने पास बघितला, शिक्का मारला, मुलाला म्हणाली टोपी घाल. मग तशीच, शिक्का हातात धरून म्हणाली, "मागचा दांडगा होता, आणि हा एवढासा. असं कसं काय?"

"हा तोच आहे."

"तोच म्हणजे?"

"मागच्या वेळीही हाच होता. मी दुसरा लिहिला."

पाण्यात कोणीतरी उडी मारली. तिने शिक्का शाईच्या गादीवर ठेवला, नीट, खाच जुळवून.

"म्हणजे तेव्हाही एवढंच? बारा दिवस?"

"हो."

"बहुधा?" तिने विचारलं. त्यात थट्टा नव्हती. ती त्याला वाट काढून देत होती, आणि ते त्याला कळलं.

"नाही," तो म्हणाला. "नक्की."

त्याने डबी उघडून काच तिच्या हातात दिली, कारण आणखी काय करायचं ते त्याला सुचेना. तिने ती दोन बोटांत धरून काचेच्या भिंतीकडे केली. उजेडात मधोमध एक जांभळा ठिपका होता, कापलेल्या नखाएवढा. यात मी कुठे, तिने विचारलं. तो म्हणाला, तेवढीच. ती बघत राहिली. ठिपक्याच्या आरपार पाणी दिसत असावं.

"तुम्हाला कधी कळलं?"

काल, असं म्हणता आलं असतं. त्या एका शब्दाने बरंच काही वाचलं असतं.

"नऊ वर्षं झाली."

तिने हिशेब केला असावा. ओठ जरा हलले. बाहेर दोन मुलगे पास घेऊन येऊन उभे राहिले, आणि तिने त्यांना बोटाने थांबा अशी खूण केली. मग काच डबीत कापसावर ठेवली, झाकण लावलं, डबी त्याच्याकडे सरकवली.

"चुकलात, ते जाऊ दे," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता, रजिस्टरमधली ओळ वाचल्यासारखा. "दम लागतो, तेही जाऊ दे. पण मी नऊ वर्षं फोन करत होते, काका. दर वर्षी. आणि तुम्ही तो उचलत होतात."

त्याने डबी खिशात घातली. तो उठला. गुडघ्याने दगा दिला म्हणून त्याने टेबलाचा आधार घेतला, आणि तिचा हात आपोआप पुढे आला, कोपराखाली, आणि तो उभा राहिल्यावर परत गेला.

"आईला सांगू नका," ती म्हणाली. "तिला आता धरायला दुसरं काही नाही." आणि खिडकीकडे वळून मुलांना म्हणाली, दाखवा.

बारा बैठका झाल्या. कळलं ते बायकोकडून. वहिनी रोज बरोबर जाते म्हणे. पुतणी रिक्षात हसते म्हणे. सहाव्या दिवसापासून गाठी बसायला लागल्या. वहिनीने त्यालाही एकदा फोन केला, भाऊजी, या वेळीही तुम्हीच बघितलंत, डबी काय पडते आणि तुमची नजर काय जाते. तो ऐकत राहिला. ऐकणं हीच आता त्याची शिक्षा आहे असं त्याला वाटलं, आणि लगेच वाटलं, शिक्षा वगैरे मोठे शब्द आहेत, म्हातारपणी माणसाला आपलंच फार कौतुक असतं. रविवारी पुतणी आली नाही. पुढच्या रविवारीही नाही. बायकोने काही विचारलं नाही. तिसऱ्या रविवारी तिने नुसता तिसरा कप खाली घेतला नाही.

मग तारीख आली. मंगळवार होता. तो आठपासून पुढच्या खोलीत बसला होता, हातात पुस्तक, पान एकच. दहा वाजले. सव्वादहा. बायको दोनदा येऊन गेली. साडेदहाला त्याने पुस्तक मिटलं. एवढ्या वर्षांत त्या दिवशी त्याने स्वतः कधी फोन केला नव्हता. तिचा येतो म्हणून करायची वेळच आली नव्हती. काय म्हणायचं ते त्याने सकाळी एका कागदावर लिहिलं होतं, तीन ओळी, खाडाखोड करून. कागद गुडघ्यावर ठेवून त्याने नंबर फिरवला. घंटा वाजत राहिली. सहा. सात. उचलणार नाही हे त्याला ठाऊक होतं, आणि उचलणार नाही याचं कुठेतरी बरंही वाटत होतं. आठव्याला उचलला.

पलीकडून आवाज आला नाही. श्वास आला. जोरात, तुटक, शिट्टीसारखा शेवट असलेला. त्याने तो कधी ऐकला नव्हता. इतकी वर्षं तो श्वास दाराबाहेर थांबून, पर्समध्ये किल्ल्या शोधून, विरल्यावर मगच त्याच्यासमोर यायचा.

"काका," ती म्हणाली. मग पुन्हा नुसता श्वास. "तुमच्या जिन्यात आहे. दम लागलाय. बोलता येत नाही." पुन्हा श्वास. "थांबा."

तिने फोन ठेवला नाही. किल्ल्यांचा आवाज आला नाही. एक पाऊल वाजलं, मग बऱ्याच वेळाने दुसरं. तो कागद गुडघ्यावरून खाली घसरला. त्याने तो उचलला नाही. त्याने फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला आणि तो थांबला.